मुंबईवरचं विधेयक आधी मुंबईने वाचावं

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
विधी समिती, बृहन्मुंबई महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुख्यालयातून निघालं की अर्ध्या तासात चालत विधान भवन गाठता येतं. मुंबईच्या घरांवरचा कर, मुंबईतली झाडं, मुंबईच्या मोडकळीला आलेल्या चाळी, तुमच्या प्रभागांची संख्या, या सगळ्याचे कायदे तिथे होतात. आणि बहुतेक वेळा तुम्हाला ते आमच्यासारखेच दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळतात. हे पत्र त्याबद्दल आहे.

मी गिरगावातल्या एका उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या चाळीत राहते. पालिकेच्या शाळांमध्ये एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना स्थानिक स्वराज्य संस्था शिकवताना मी फळ्यावर दोन रकाने आखत असे, महापालिकेची कामं एकीकडे आणि राज्य शासनाची कामं दुसरीकडे. पुस्तकात ते दोन रकाने एकमेकांपासून छान वेगळे असतात. प्रत्यक्षात डावीकडच्या रकान्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट उजवीकडच्या रकान्यातल्या कायद्यावर उभी आहे, हे मला निवृत्त झाल्यावर, चाळीच्या भाडेकरू संघाचं काम बघायला लागल्यावर नीट कळलं.

तिथूनच सुरुवात करते, कारण ती गोष्ट मी जवळून पाहिली आहे.

जुन्या मुंबईत अजूनही तेरा हजारांच्या आसपास उपकरप्राप्त इमारती आहेत. मालकाला भाडं नगण्य, त्यामुळे तो दुरुस्ती करत नाही. भाडेकरूंची ऐपत नाही. पुनर्विकासाला हात घातला की विकासक मध्येच सोडून जातो. लाकडी जिन्याला टेकू, सज्जाला टेकू, आणि पावसाळा आला की रात्रभर कान छताकडे. या कोंडीवर उपाय म्हणून 2020 साली म्हाडा कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम 79अ आलं. राष्ट्रपतींची संमती मिळायला 2022 उजाडलं. इमारत धोकादायक ठरली की पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला मालकाला सहा महिने; त्याने दिला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिने; तेही जमलं नाही तर म्हाडाने जागा संपादन करून स्वतः बांधायचं, अशी त्याची ढोबळ रचना. आमच्या चाळीत लोकांनी या कायद्याचं मनापासून स्वागत केलं. आयुष्यात पहिल्यांदा कायदा भाडेकरूच्या बाजूने काही मुदत घालत होता.

संघाच्या एका बैठकीत खालच्या मजल्यावरच्या गॅलरीत आम्ही पंधरा-वीस जण बसून ते कलम वाचलं. मी मोठ्याने वाचत होते. महापालिकेने आपल्या अधिनियमाच्या कलम 354 खाली धोकादायक ठरवलेली इमारत, किंवा सक्षम प्राधिकाऱ्याने तशी जाहीर केलेली इमारत, इथपर्यंत आले आणि एका शेजाऱ्यांनी हात वर केला. ते गिरणीत कामाला होते, शिक्षण जेमतेम सातवी. त्यांनी विचारलं, ‘‘बाई, सक्षम म्हणजे कोण? पालिकेचा इंजिनियर की म्हाडाचा?’’ मला सांगता येईना. चौकशीला आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथे उत्तर मिळालं, कायदा वर झालाय, आम्हाला विचारू नका. त्यानंतर आम्ही लेखी अर्ज केला; तो दप्तरी दाखल झाला, एवढंच तीन महिन्यांनी कळलं.

पुढे काय घडलं ते तुम्हाला माहीत आहे. म्हाडाच्या कार्यकारी अभियंत्यांनी शेकडो इमारतींना 79अ खाली नोटिसा दिल्या. त्या आव्हानित झाल्या. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा नऊशेहून अधिक नोटिसा रद्द ठरवल्या. इमारत धोकादायक असल्याचं ठरवायचा अधिकार नेमका कोणाचा आणि ते कसं ठरवायचं, हाच वादाचा गाभा होता. म्हणजे सातवी शिकलेल्या माणसाने गॅलरीत बसून विचारलेला प्रश्न. न्यायालयाची पुढची वाट कशीही जावो, त्या इमारतींत राहणाऱ्यांची वर्षं गेली ती गेली.

आता मला तुम्हाला विचारायचं आहे. कलम 354 तुमच्या कायद्यातलं आहे. धोकादायक इमारतींची यादी दर पावसाळ्यापूर्वी पालिका काढते. तिच्या अभियंत्यांइतका या कामाचा अनुभव राज्यात कुणाला नाही. ते विधेयक विधिमंडळात होतं तेव्हा तुमच्या समितीने एक दिवस बसून इमारत खात्याला बोलावलं असतं, मसुदा वाचला असता आणि ‘‘पाठिंबा, पण सक्षम प्राधिकारी कोण ते कलमातच लिहा, आणि पालिका व म्हाडा यांच्या पाहणीचा एकच नमुना ठरवा’’ असा दोन ओळींचा अभिप्राय पाठवला असता, तर? कदाचित सरकारने तो मानला नसता. पण तो कागदावर असता. न्यायालयातही त्याचा उपयोग झाला असता.

मला विरोध हवा आहे असा गैरसमज होऊ नये. त्या कायद्याला विरोध करणं आमच्या चाळीवर अन्याय झाला असता. शहराची बाजू मांडणं म्हणजे दर वेळी सरकारला अडवणं नसतं, कित्येकदा ते चांगल्या कायद्यातलं भोक बुजवणं असतं. ते भोक बाहेरच्याला दिसत नाही. शहर रोज चालवणाऱ्याला दिसतं.

दुसरी गोष्ट पैशाची. विधेयकाच्या शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं आणि त्याखाली ‘वित्तीय ज्ञापन’ असतं. सवड काढून ही वित्तीय ज्ञापनं वाचा. राज्याच्या एकत्रित निधीतून काही खर्च होणार आहे का, एवढंच त्यात सांगायचं असतं. महापालिकेच्या निधीचं काय होणार, हे सांगण्याची जागाच त्यात नाही. मुंबईचं उत्पन्न घटवणारं विधेयक आलं तरी राज्याच्या तिजोरीला धक्का लागत नाही म्हणून ज्ञापनात लिहायचं, खर्च नाही. कागद खोटं बोलत नाही, पण शहराचा हिशेब त्यात कुठेच नाही. तो हिशेब मांडणारी एकच जागा आहे, ती म्हणजे तुमची समिती. लेखापाल तुमच्या हाताशी आहेत, करनिर्धारण व संकलन खातं तुमच्या हाताशी आहे.

पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांच्या मालमत्ता कराचं उदाहरण घ्या. 2019 मध्ये माफी जाहीर झाली. लोकांनी पेढे वाटले. मग बिलं आली आणि कळलं की माफ झालाय तो फक्त सर्वसाधारण कर. पाणीपट्टी, मलनिस्सारण, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर हे सगळं बिलात तसंच आहे. लोक बिल घेऊन नगरसेवकांच्या दारात उभे राहिले, आणि नगरसेवकांकडे सांगायला काही नव्हतं. संपूर्ण माफी यायला 2022 उजाडलं. मालमत्ता कराच्या बिलात किती घटक असतात हे पालिकेच्या विभाग कार्यालयातला लिपिकही झोपेत सांगेल. कायद्याचे शब्द ठरत असताना त्याला कुणी विचारलं असतं तर तीन वर्षांचा हा गोंधळ झालाच नसता. माफी द्यावी की देऊ नये हा मोठा प्रश्न आहे आणि त्यावर तुमच्यात मतभेद असतील. पण माफी नेमकी कशाची आणि तिची भरपाई कुठून, हे तरी आधी मांडलं जायला हवं होतं.

याच्या उलट एकदा घडलं, तेही सांगते, कारण ते विसरलं जातं. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि 1 जुलैपासून जकात बंद झाली. मुंबईचं सर्वांत मोठं उत्पन्न एका रात्रीत जाणार होतं. तेव्हा भरपाईची हमी कायद्यातच हवी, असा आग्रह धरला गेला. त्यातून स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देण्याचा राज्याचा स्वतंत्र कायदा झाला. दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळण्याची तरतूद झाली. पहिला धनादेश जुलैच्या पहिल्याच आठवड्यात आला, सुमारे 647 कोटींचा. आग्रह धरला म्हणून हमी मिळाली. माझी खंत एवढीच, की तो आग्रह पक्षाच्या पातळीवर धरला गेला, युतीतल्या ताणाताणीत. त्या वेळी सत्तेचं गणित तसं जुळून आलं म्हणून शहराचं भलं झालं. गणित वेगळं असतं तर? शहराची बाजू कुणाची कुणाशी युती आहे यावर अवलंबून राहायला नको, म्हणून तर समित्या असतात.

प्रभागांच्या संख्येबद्दल फार लिहीत नाही, ती जखम तुमच्याच अंगावर आहे. 2021 च्या अखेरीस 227 चे 236 झाले. हद्दी आखल्या, हरकती-सूचना मागवल्या, सुनावण्या झाल्या. ऑगस्ट 2022 मध्ये 236 चे पुन्हा 227 झाले. तोवर 7 मार्च 2022 ला सभागृहाची मुदत संपलेली होती. दुसरा बदल झाला तेव्हा बोलायला सभागृहच नव्हतं. निवडणूक लांबण्याची इतरही कारणं होती, ओबीसी आरक्षणाचा प्रश्न होता, पण या उलटापालटीचाही त्यात वाटा होता. राज्यघटनेचा अनुच्छेद 243यू सांगतो की मुदत पाच वर्षं आणि नवी निवडणूक मुदत संपण्याआधी. मुंबईने जवळजवळ चार वर्षं प्रशासकाखाली काढली. जानेवारी 2026 मध्ये आम्ही रांगेत उभं राहून तुम्हाला निवडून दिलं. मी मतदान केंद्राबाहेर आले तेव्हा मला खरोखर भरून आलं होतं. माझ्या शाळेत शिकलेली एक मुलगी तिथे पहिल्यांदा मत देऊन बाहेर आली होती. ती मतदार झाल्यापासून पालिकेची ही पहिलीच निवडणूक.

म्हणून आता, सभागृह पुन्हा भरलेलं असताना, हे पत्र.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आमचा ठराव सरकारवर बंधनकारक नाही, मग उपयोग काय. खरं आहे, बंधनकारक नाही. 1888 चा आपला महानगरपालिका अधिनियम बदलायचा अधिकार विधिमंडळाचा आहे, तो तुम्हाला रोखता येणार नाही. पण याच अधिनियमाचा जन्म आठवा. तो घडत होता तेव्हा फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघे मुंबईच्या कायदेमंडळात होते. गोऱ्या सरकारच्या कायदेमंडळात त्यांच्याकडे बहुमत नव्हतं, नकाराधिकार नव्हता. तरी शहराचा कारभार शेवटी आयुक्ताच्या मर्जीवर नव्हे, महापालिकेच्या सभेवर चालावा, यासाठी ते मसुद्यावर झगडले. मेहतांचा पुतळा तुमच्या दारात उभा आहे, तुम्ही रोज त्याच्यासमोरून आत जाता.

काही जण म्हणतील, राज्यात आणि पालिकेत आपलीच माणसं आहेत, मंत्र्यांना फोन केला की काम होतं. फोनने होणारं काम फोन करणाऱ्याचं असतं, आणि त्याची नोंद कुठे राहत नाही. विरोधी बाकावरचे म्हणतील, आम्ही विरोध करूच, समिती कशाला. त्यांनाही तेच सांगेन: तुमचा विरोध पत्रकार परिषदेत विरून जातो. समितीत मत नोंदवलं, का नोंदवलं हे लिहिलं, तर ते पाच वर्षांनी काढून दाखवता येतं.

आणि काही जण म्हणतील, लोकांनी आम्हाला गटारं, नळ, रस्ते यांसाठी निवडून दिलंय. हे मला सर्वांत जास्त समजतं, कारण आमच्या गल्लीतलं पाणी तुंबलं की मीही नगरसेविकेलाच फोन करते. पण झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या हद्दीत, एमएमआरडीएच्या हद्दीत कुणाचं गटार कुणी साफ करायचं, हा प्रश्न तुम्हाला दररोज छळतो ना? तो कायद्यांनीच निर्माण झालेला आहे. एकाच शहरात नियोजनाची इतकी प्राधिकरणं उभी राहिली, ती प्रत्येक वेळी कुठल्या तरी कलमातून उभी राहिली.

झाडांचंही तेच. 2019 मध्ये आरे वसाहतीतल्या दोन हजारांहून अधिक झाडांचा निर्णय पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणासमोर आला, तेव्हा सारं शहर त्या बैठकीकडे डोळे लावून बसलं होतं. निर्णयाशी मी सहमत नव्हते. पण कुणी काय मत दिलं हे आम्हाला कळलं, आम्ही जाब विचारू शकलो. 2021 मध्ये 1975 च्या वृक्ष कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून ओळख मिळाली, हे उत्तमच. पण दोनशे किंवा त्याहून जास्त झाडांचा प्रश्न राज्याच्या प्राधिकरणाकडे नेण्याची तरतूदही त्याच दुरुस्तीत आली. शहराच्या समितीचा अधिकार वर सरकवायचा की नाही, यावर शहराच्या समितीचं मत काय होतं? मी शोधलं, मला सापडलं नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या सॅन फ्रान्सिस्को शहराची यासाठी एक स्वतंत्र समितीच आहे, स्टेट लेजिस्लेशन कमिटी नावाची. महापौरांच्या कार्यालयाचे प्रतिनिधी, नगरमंडळाचे सदस्य, शहराचे वकील, लेखानियंत्रक हे तिच्यात एकत्र बसतात. राज्याच्या विधिमंडळात आलेल्या विधेयकांपैकी शहराला लागू पडणारी विधेयकं शहराची खाती या समितीपुढे आणतात, काय परिणाम होईल ते सांगतात, आणि समिती त्या विधेयकावर शहराची भूमिका ठरवते: पाठिंबा, विरोध, किंवा नुसतं लक्ष ठेवायचं. नागरिकांनाही बोलता येतं. त्या शहराचे कायदे वेगळे, घटना वेगळी, तिथलं जसंच्या तसं इथे उचलून आणता येणार नाही. पण विधेयक हातात घेऊन बसण्याची ही सवय आणायला कुठल्याही कायद्यात बदल करावा लागत नाही. विधी समिती आपल्याकडे आहेच. तिचं नावच विधी आहे. ठरावाच्या सूचना घेऊन ‘राज्य शासनास विनंती करण्यात यावी’ असं लिहिण्याची आपली प्रथाही जुनी आहे. फक्त ती विनंती कायदा होऊन गेल्यावर जाते, आणि प्रशासनाच्या अभिप्रायाची वाट पाहत महिनोन्महिने पडून राहते.

राज्याची तीन अधिवेशनं असतात, अर्थसंकल्पी आणि पावसाळी इथे मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रत्येक अधिवेशनाआधी समितीची एक सभा फक्त येऊ घातलेल्या विधेयकांसाठी ठेवा. चिटणीस खात्याने यादी करावी, विधी खात्याने आणि संबंधित खात्याने प्रत्येक विधेयकावर एक पानी टिपण द्यावं, साध्या मराठीत: कोणतं कलम बदलतंय, पालिकेच्या अधिकाराला काय होतंय, पालिकेच्या तिजोरीला काय होतंय. अधिवेशन चालू असताना अचानक विधेयक आलं तर, आणि बहुतेक अशीच येतात, चोवीस तासांत तातडीची सभा बोलवा. अध्यादेश निघाला तरी घाबरू नका. त्याचं विधेयक नंतर सभागृहात यावंच लागतं, तेवढे आठवडे तुमच्याकडे असतात. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं तर ती तर खुली संधी आहे. जनसुरक्षा विधेयकाच्या संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या, सामान्य माणसांनी आणि संघटनांनी पाठवलेल्या. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका आपल्यावरच्या विधेयकावर एक सूचना पाठवू शकत नाही, हे मला पटत नाही.

भूमिका ठरली की मुंबईच्या छत्तीस आमदारांना ती सही-शिक्क्यानिशी पाठवा. त्यांच्यातले किती तरी जण एके काळी तुमच्याच सभागृहात बसलेले आहेत. आणि कुणी कोणत्या बाजूने मत दिलं ते पालिकेच्या संकेतस्थळावर टाका. आम्हाला ते वाचायचं आहे.

अजून एक मागणी, ती माझी स्वतःची आहे. या सभेला आम्हाला आत बसू द्या. बोलायला दोन-दोन मिनिटं द्या. त्या गिरणी कामगार शेजाऱ्यांसारखी माणसं या शहरात प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना कलम वाचता येत नसेल, पण त्यांच्या घरात त्या कलमाने काय होईल हे त्यांना नेमकं कळतं. ते शेजारी आता नाहीत. त्यांची खोली आमच्या शेजारी तशीच आहे, सज्जाला टेकू लावलेली.

येत्या अधिवेशनापूर्वीच्या तुमच्या पहिल्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय यावा, अशी विनंती करते. तारीख कळवलीत तर संघाचे आम्ही चौघे जण येऊ. 79अ ची आमची प्रत, समासात लिहिलेल्या प्रश्नांसह, मी सोबत आणेन.

आपली,
गिरगावातील एक भाडेकरू आणि पालिका शाळेतील निवृत्त शिक्षिका